चिंचोक्याची सोंगटी

खूप जुन्या काळी, म्हणजे इतक्या जुन्या की त्या राज्याच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही, एका बाजारपेठेत जुन्या खेळांचं दुकान होतं. ही गोष्ट लहानांनी ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा कान देऊन ऐकावी. कारण गोष्टीत चूक करणारा माणूस मोठाच आहे.

दुकानाचा व्यवहार सोपा होता. खेळून कंटाळा आलेला आपला खेळ द्यायचा आणि दुसऱ्या कुणाचा तरी घेऊन जायचा. सोंगट्यांचे कापडी पट, गंजिफांचे डबे, हस्तिदंती बुद्धिबळं, सगळं तिथं असे. पण उड्या पडत त्या कळीच्या पेट्यांवर. किल्ली फिरवली की पेटीतले लाकडी घोडे आपले आपण शर्यत धावत. लोक दोन-दोन, तीन-तीन जुने खेळ देऊन एक पेटी घेऊन जात.

हे दुकान सोनाक्कानं उभं केलं होतं, आणि तिची एक रीत होती. कुणी खेळ द्यायला आणला, की ती त्याला ओट्यावर समोर बसवायची, तोच खेळ मांडायची आणि त्याच्याशी एक पुरा डाव खेळायची. मोल त्यानंतर. डाव खेळताना कळायचं, कोणती सोंगटी हरवली आहे, कोणती कवडी फुटली आहे. आणखीही काही कळायचं. एकदा एक कुंभार भावाबरोबर खेळायचा पट द्यायला आला. भावाशी बोलणं बंद, मग पट कशाला हवा? पण अर्ध्या डावात त्याचा हात थांबला. "आक्का, राहू दे. परत नेतो मी," म्हणाला, आणि पट काखेत मारून तडक भावाच्या घराकडे गेला. महिन्याला असे पाच-सहा जण तरी माघारी जात.

सोनाक्काचा मुलगा महिपत. त्याला हे बघवत नसे.

"अगं आई, आलेलं गिऱ्हाईक तू आपल्या हातानं घालवतेस!"

"घालवत नाही रे, थांबवते. ज्याला खरंच द्यायचंय, तो डाव संपवून देतोच की."

"आणि तोवर रांग लागते, त्याचं काय?"

"रांगेतल्यांनी डाव बघावा. फुकटची करमणूक!"

पुढं सोनाक्काची नजर मंदावली. ती घरी बसली आणि दुकान महिपतच्या हाती आलं. पहिल्याच दिवशी त्यानं ओटा रिकामा करून तिथं तराजू टांगला. पितळ असेल तर इतकं, शिसम असेल तर तितकं, साधं लाकूड असेल तर काहीबाही. माणूस यायचा, वस्तू तराजूत पडायची, माणूस जायचा. दुकान असं चाललं म्हणता! महिपतला मान वर करायला सवड राहिली नाही. खरंच राहिली नाही, ते पुढं येईलच.

घरी सोनाक्काच्या उशाखाली एक थैली असे. तीत एक विटका पट होता. महिपत लहानपणी याच पटावर आईशी खेळायला शिकला. एकदा हरल्यावर त्यानं रागानं एक पिवळी सोंगटी विहिरीत भिरकावली होती. सोनाक्का रागावली नाही. तिनं एक चिंचोका हळदीनं रंगवला आणि सोंगटीच्या जागी ठेवला. तेव्हापासून महिपतला पिवळंच घर हवं असे. शिवाय गडी मोठा लबाड. आईचं लक्ष नाही असं बघून तो चिंचोका हळूच एक घर पुढं सरकवायचा, आणि दर वेळी पकडला जायचा.

आता संध्याकाळी महिपत घरी आला, की सोनाक्का थैली पुढं करी. "एकच डाव. मला अजून घरं दिसतात, पण फार दिवस दिसणार नाहीत."

"आज नको, आई. दमलोय गं. उद्या नक्की."

असे उद्या, उद्या म्हणता दोन पावसाळे गेले.

एक दिवस भर दुपारी दुकानात तोबा गर्दी होती. बैलांचा एक तांडा गावात उतरला होता आणि तांड्याचा नायक हलके खेळ ढिगानं उचलत होता. रांगेत एक म्हातारी होती. उन्हामुळे पदर पार नाकापर्यंत ओढलेला. तिची पाळी आली तशी ती ओट्याच्या कडेला बसली, थैली समोर ठेवली आणि वाट बघत राहिली.

महिपतला दोन सुरकुतलेले हात दिसले, तेवढेच. त्यानं थैली न उघडताच उचलून पाहिली. "लाकूड आहे. याला एक भोवरा येईल. हा घ्या, आजी, आणि सरका पुढं."

म्हातारीनं भोवरा घेतला आणि ती भिंतीला हात लावत निघून गेली. थैली ढिगात पडली आणि ढीग तांड्याबरोबर गेला.

संध्याकाळी महिपत घरी आला. आईच्या उशाशी एक भोवरा होता. लाल, टोकाला किंचित टवका उडालेला. भोवरा त्यानं लगेच ओळखला. अहो, दुकानातला माल तो, ओळखणार नाही तर काय! ओळखली नव्हती ती आई.

तो मटकन खाली बसला. "आई, तू आली होतीस?"

"आले होते बाबा. तू मला आजी म्हणालास. म्हटलं, चला, तू काही लग्न करत नाहीस, पण दुकानात का होईना, आजी झाले!" सोनाक्का हसली, पण ते हसू टिकलं नाही. "घरी तुला वेळ नसतो. मला वाटलं, गिऱ्हाईक होऊन गेले तर खेळशील. दुकानाची रीत आहे ना आपल्या, आधी एक डाव. बसले होते मी, तू पट उघडशील म्हणून."

रीत मोडल्याचं महिपतनं आईला कधी सांगितलंच नव्हतं. त्यानं तोंडावर हात घेतला आणि लहान मुलासारखा हमसून रडला. मग शेजारणीला आईकडे बघायला सांगून तो तसाच तांड्याच्या मागं निघाला.

तिसऱ्या दिवशी तांडा गाठला. एका वडाखाली पट अंथरला होता आणि भोवती पोरांची झुंबड. आपलाच पट! महिपत धावत गेला. "हा मला परत हवा. याच्या बदल्यात माझ्या दुकानातल्या कळीच्या तीन पेट्या देतो!"

कवड्या खुळखुळवणारी एक मुलगी म्हणाली, "त्या पेट्यांत आम्ही काय करायचं? घोडे तर आपले आपण धावतात. बाजूला हो, डाव मोडू नको."

महिपत बाजूला झाला. बघतो तर काय, पोरं चिंचोक्यासाठी भांडत होती. "पिवळं माझं!" "काल तुझं होतं, आज माझं!" पट खेळला जात होता. दोन वर्षं उशाखाली पडून होता, तो इथं खेळला जात होता. तो ओढून न्यायला महिपतचा हात होईना.

"बरं, पट ठेवा," तो म्हणाला. "तेवढा चिंचोका द्या."

"फुकट?" मुलगी म्हणाली. "आधी खेळ आमच्याशी."

महिपत खेळला. तीन डाव खेळला आणि तिन्ही हरला. "खेळांचा दुकानदार म्हणे," मुलगी खिदळली, "आणि सोंगटी चालवता येत नाही!" पण तिला त्याची दया आली. महिपतनं अंगरख्याचं रुपेरी बटण तोडून पिवळ्या घरात ठेवलं आणि चिंचोका मुठीत घेऊन परतला.

येण्याजाण्यात सहा दिवस गेले होते. त्या सहा दिवसांत सोनाक्काची उरलीसुरली नजर गेली.

"महिपत, आलास का रे?" तिनं हवेत हात पुढं केला. "आता घरं दिसत नाहीत रे मला."

महिपतनं दुकानाला कुलूप लावलं. जाड कापड घेतलं, सुई घेतली आणि पटाचं एकेक घर सुतळीनं शिवू लागला, बोटांना लागावं असं. डोळ्याचं पातं लवायच्या आत कुठल्याही पटाचं मोल सांगणारा हा माणूस, पण एक पट शिवायला त्याला आठ दिवस लागले. सुईनं बोटांची चाळण झाली. दुकानातल्या सोंगट्या घेऊन त्यानं आईच्या बाजूच्या सोंगट्यांना, हाताला ओळखू याव्यात म्हणून, खाचा पाडल्या. पिवळ्यांत चिंचोका ठेवला.

मग तो आईसमोर बसला. तिनं सुतळीवरून बोटं फिरवली आणि तिचा चेहरा उजळला. डाव सुरू झाला. बऱ्याच वेळानं महिपतनं, हात सवयीनं गेला म्हणा की मुद्दाम म्हणा, चिंचोका हळूच एक घर पुढं सरकवला.

सोनाक्कानं कवड्या खाली ठेवल्या. तिची बोटं पटावरून फिरत आली आणि चिंचोक्यावर थांबली.

"महिपत," ती म्हणाली, "एक घर मागं घे."

दुसऱ्या दिवशी त्या दुकानातून तराजू उतरला आणि ओटा पुन्हा झाडूनपुसून मोकळा झाला. गिऱ्हाईक कमी झालं, पण समोर बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे महिपत आधी नीट बघू लागला. आईची नजर मात्र परत आली नाही, आणि ज्या दोन वर्षांत तिला घरं दिसत होती, ती वर्षंही नाहीत.

म्हणून सांगतो: वस्तू असो की माणूस, मोल कळायचं तर समोर बसावं लागतं, आणि तेही वेळेवर.