नदीच्या उगमाकडे गेलेली केवडा

खूप मागची गोष्ट आहे, मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो. इतकी मागची, की तेव्हा कुणापाशीच नकाशा नव्हता. माणूस जिथवर चालून जाई, तिथवरच त्याचं जग.

एक मोठी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे भातशेती करणारं एक गाव होतं. नदीच्या गोड्या आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याची तिथे रोज झटापट चाले. भरती आली की खारं पाणी आत घुसे, आणि नदी त्याला मागे रेटून लावी. म्हणून तर समुद्राच्या काठावर असूनही गावाच्या विहिरी गोड होत्या.

पण एका वर्षी नदी रोडावली. दुसऱ्या वर्षी आणखी रोडावली. समुद्राला मागे रेटायचं बळच तिच्यात उरलं नाही. विहिरींचं पाणी मचूळ झालं, खाचरांत मिठाचा पांढरा थर धरला आणि भाताची रोपं उभ्याउभ्या करपली.

गाव पारावर जमलं. सुकऱ्या नावाचा एक तगडा, तापट गडी उठून म्हणाला, "वरच्या लोकांनी पाणी चोरलंय! आपण खाली मरावं म्हणूनच. चला, कोयते घ्या."

"कुठले वरचे लोक?" त्याच्या थोरल्या बहिणीने विचारलं. तिचं नाव केवडा. "तू पाहिलेस त्यांना?"

"पाहायचंय काय त्यात? पाणी वरून येतं. ते येत नाही, म्हणजे वरच कुणीतरी अडवलं."

"मग आधी मी जाऊन बघते."

लोक हसले. नदी कुठून येते ते त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण केवडाने कमरेला पदर खोचला, तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि भावाला सांगितलं, "मी परत येईपर्यंत कोयत्याला हात लावू नकोस."

"पुढच्या लावणीपर्यंत थांबेन," सुकऱ्या म्हणाला. "त्यापुढे नाही."

केवडा निघाली. नदी डाव्या हाताला ठेवायची आणि चालत राहायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

आधी भाताचा मुलूख संपला. मग नारळ दिसेनासे झाले. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. तसे बारा कोस केवडाने कितीदा ओलांडले, त्याची गणतीच नव्हती. पुढे पुढे ती हातवाऱ्यांनी बोलू लागली.

वाटेत एक दाट जंगल लागलं. तिथल्या माणसांनी तिला जेवायला बसवलं, पण जेवताना कुणी तिच्याशी चकार शब्द बोललं नाही. तिने काही विचारलं, तर एका म्हातारीने सरळ तिच्या तोंडावर हात ठेवला. केवडाला अपमान वाटला. ती ताट सरकवून उठणार, तोच झाडीत एक फांदी मोडल्याचा आवाज झाला. सगळी माणसं क्षणात उठून उंच मचाणावर चढली, तिलाही त्यांनी ओढून वर घेतलं. खालून हत्तींचा कळप चुली तुडवत निघून गेला. तिथे जेवताना बोलत का नाहीत, ते मग तिला कुणी सांगावं लागलं नाही.

जंगलापलीकडे कोरडा, तापलेला मुलूख होता. नदी तिथे वाळूत जेमतेम वाहत होती. एका घराशी केवडाने पाणी मागितलं. घरधनिणीने तिला अर्धी वाटी पाणी दिलं. दिवसभर चालून आलेल्या पाहुणीला अर्धी वाटी! 'काय कद्रू माणसं ही,' असं मनाशी म्हणत केवडाने ते पिऊन टाकलं. मग तिचं लक्ष घरातल्या लेकराकडे गेलं. ते रिकाम्या वाटीकडे बघत कोरडे ओठ चाटत होतं. त्याच्या वाटणीचं पाणी ती पिऊन बसली होती.

त्या दिवशी केवडाने स्वतःला बजावलं, की परक्या घरी आधी डोळे उघडायचे, राग त्यानंतर.

पण पुढे डोंगर लागले, आणि तिथे तिचा हा निश्चय टिकला नाही.

चढून चढून तिच्या पायांची सालटी निघाली होती. थंडीने हात बधिर झाले होते. एका खिंडीतून वर आली, तर समोर दगडांची लांबलचक भिंत. भिंतीमागे भलंमोठं निळं तळं. आणि भिंतीखाली तिची नदी, पावलं भिजतील इतकीच. वरचं जास्तीचं पाणी एका बाजूने ओसंडून भलत्याच दरीत कोसळत होतं. त्या दरीत खडकांशिवाय काही नव्हतं.

केवडाच्या डोळ्यांसमोर करपलेली रोपं आली. ती भिंतीकडे धावली आणि हातांनी दगड उपसू लागली. मेंढ्या राखणाऱ्या बायांनी आरडाओरड केली. माणसं धावली, त्यांनी तिला धरलं आणि गावाच्या म्होरकीपुढे उभं केलं. त्या म्होरकीचं नाव तुंगा. उन्हापावसाने रापलेली, अंगावर लोकरीचा जाड अंगरखा घातलेली करारी बाई.

"आमची भिंत का पाडतेस?" तुंगाने विचारलं. खुणा करत, तुटक्या शब्दांत दोघींचं बोलणं झालं.

"ही माझ्या गावाची नदी आहे!"

"तुझ्या गावाची? ही नदी तर त्या वळणापुढे पाताळात पडते. त्यापुढे काही नाही."

"त्यापुढे सगळं आहे! जंगल आहे, वाळू आहे, माझं गाव आहे. आणि शेवटी समुद्र. पलीकडचा काठच दिसत नाही, इतकं पाणी."

तुंगा हसली. "एवढं पाणी आहे, तर इथे कशाला आलीस मागायला?"

"ते खारट असतं."

आता सगळेच हसले. काठ नसलेलं तळं, आणि तेही खारट! बिचारी थंडीने भ्रमली असावी, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिला शिक्षा केली नाही. गरम लोकर पांघरायला दिली, घरात घेतलं. दुसऱ्याच दिवशी बर्फ पडून खिंड बंद झाली. केवडा हिवाळाभर तिथेच अडकली.

दुसरी कुणी रडत बसली असती. केवडा कामाला लागली. ती मेंढ्यांना चारा घाली, जातं ओढी, त्यांची भाषा शिके. घराचं दार एवढं बुटकं का, असं तिने विचारलं, तेव्हा तुंगा म्हणाली, "माणूस वाकून येतो. वाऱ्याला वाकता येत नाही."

आणि मग एके दिवशी तिने भिंतीबद्दल विचारलं, या वेळी न ओरडता.

"आमचा झरा होता," तुंगा म्हणाली. "दरड कोसळली आणि तो गाडला गेला. माझा धाकटा भाऊही त्याच दरडीखाली गेला. इथे जवाची पेरणी होते तेव्हा वरचं बर्फ अजून वितळलेलं नसतं. आधीचं पाणी साठवलेलं नसेल, तर पेरायचं कशावर? म्हणून नदी अडवली. कुणाचं चोरलं नाही आम्ही."

 केवडाने विचारलं, "पेरणी झाल्यावर?"

"बर्फ वितळतं. तळं भरून वाहतं."

"त्या ओसाड दरीत."

"हो. तिकडे वाहिलं काय आणि इकडे वाहिलं काय?"

"इकडे आम्ही आहोत, तुंगाबाई! तुमची पेरणी उरकली, की आमची लावणी यायची असते. तेवढं ओसाड दरीत जाणारं पाणी जुन्या पात्रात सोडा. भिंतीत एक दार करा. दुसरं काही मागत नाही मी."

तुंगा म्हणाली, "दार करताना भिंत ढासळली, तर माझं गाव उपाशी मरेल. तू खोटी नाहीस, एवढं मला कळलंय. पण पाहिलं नाही त्याच्यासाठी मी गावाचं धान्य पणाला लावणार नाही."

"मग बघायला चला," केवडा म्हणाली.

आणि पेरणी उरकताच, त्या गावातून आजवर कुणी उतरलं नव्हतं त्या वळणापुढे, तुंगा उतरली.

तिच्यासाठी ती वाट सोपी नव्हती. उतरेल तसा उकाडा वाढला. तिने अंगरखा काढला, तरी जीव कासावीस होई. कोरड्या मुलखात तिला भोवळ आली, तेव्हा केवडाने तिला हात धरून चालवलं. एकदा ती म्हणाली, "केवडे, परत फिरूया गं." केवडाने तिच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला आणि म्हणाली, "मीही वर येताना रोज हेच म्हणत होते." दोघी पुन्हा चालू लागल्या.

त्याच वाळूत समोरून माणसं येताना दिसली. सुकऱ्या आणि त्याचे साथीदार! लावणीपर्यंत थांबणं त्यांना जमलं नव्हतं. बहीण परत आली नाही, म्हणजे वरच्यांनी मारून टाकली असणार, असं धरून ते निघाले होते.

बहिणीला पाहून सुकऱ्याला रडू कोसळलं. पण शेजारची परकी बाई दिसताच त्याची मूठ कोयत्यावर आवळली. "हीच का ती पाणीचोर?"

केवडा मधे उभी राहिली. "कोयता उगारायचा तर आधी माझ्यावर."

"ताई, बाजूला हो! आपली विहीर पार खारट झाली."

"हिच्याकडे दरडीत गावचा झरा गेला, हिचा भाऊ गेला. तुला ठाऊक होतं? मलाही नव्हतं. आणि आपण जगात आहोत हेच हिला ठाऊक नव्हतं. आधी हिला समुद्र बघू दे. मग काय बोलायचं ते बोल."

सुकऱ्याने तुंगाकडे पाहिलं. उन्हाने तिचा चेहरा सोलवटला होता, पाय फुटले होते. शत्रू असा असतो, असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने कोयता कमरेला परत खोचला. गुर्मीतच, पण खोचला.

गावात आल्यावर तुंगाने विहिरीचं पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं. पांढऱ्या पडलेल्या खाचरांतून ती चालत गेली. मग केवडा तिला वाळूच्या टेकाडावर घेऊन गेली.

तुंगाने समोर पाहिलं. पाणी, पाणी आणि पाणी. खरंच, काठ नव्हता.

"मी हसले होते तुला," ती म्हणाली.

मग ती टेकाडावरून उतरली आणि सुकऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "भिंतीत दार करायचंय. दगड फोडायला, मोठे वासे वर चढवायला माझ्या गावात हात कमी पडतात. तुझे गडी देशील?"

केवडाने ते भावाला आपल्या भाषेत सांगितलं. सुकऱ्या म्हणाला, "देईन. मीही येईन."

काम अवघड होतं. दार बसवताना भिंतीला एकदा मोठी भेग पडली. तेव्हा डोंगरातली आणि खाडीतली माणसं खांद्याला खांदा लावून गार पाण्यात उभी राहिली, आणि भेग बुजेपर्यंत कुणी हललं नाही. दार उघडलं, तेव्हा लावणीला उशीर झाला होता. त्या वर्षी अर्धंच भात आलं. पण विहिरी गोड झाल्या, आणि पुढच्या वर्षी खाचरं काठोकाठ हिरवी झाली. वर जवाचं पीकही कमी पडलं नाही.

तेव्हापासून दोन्ही गावांनी एक रिवाज पाडला. वयात आलेल्या प्रत्येक मुलामुलीने नदी एकदा टोकापासून टोकापर्यंत चालायची. वाटेतल्या प्रत्येक गावी जेवायचं, तिथल्या भाषेचे चार शब्द तरी शिकायचे आणि तिथले लोक असं का राहतात, ते विचारायचं. त्याआधी गावाच्या सभेत त्यांना बोलायला मिळत नसे.

तात्पर्य : आपली नजर जिथे संपते तिथे जग संपत नाही; म्हणून दूरच्या माणसाला दोष देण्याआधी त्याच्या दारापर्यंत चालत जावं.