केशरी फुलांचा कोट

“म्हणजे हा असा... उलटा घालून जाऊ?”

माळवदे मास्तर सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, “पहिला कपडा उलटा घालायचा. चौकापर्यंत जायचं, परत यायचं. मग मी बोलणार.”

आमच्या दुकानाची ही जुनी रीत. ज्याने पहिल्यांदा अख्खा कपडा एकट्याने शिवला, त्याने तो उलटा घालून बाजारातून फिरून यायचं. बाहेरून इस्त्री सगळं सांभाळून घेते. आतून लबाडी चालत नाही. कुठे टाका ओढला, कुठे अस्तराला सुरकुती पडली, सगळं दिसतं.

मला ही रीत माहीत होती. शिवण्याच्या नादात मी ती साफ विसरलो होतो.

कोटच तसा झाला होता. पडद्याचं कापड, चॉकलेटी रंगावर भाकरीएवढी केशरी फुलं. कॉलर इतकी रुंद की टोकं खांद्याला टेकत होती. कंबरेत घट्ट. आणि खाली बेलबॉटम पँट, पायाशी अठ्ठावीस इंच घेराच्या मोहरीची.

दुकानाच्या भिंतीवर पन्नास वर्षांपूर्वीच्या फॅशनचं एक चित्र आहे. त्यातल्या माणसाच्या अंगात असाच कोट. माझा थोरला भाऊ अंकुश जेवताना त्याच्याकडे बघत बसायचा आणि मला डिवचायचा. म्हणायचा, “लहू, तू शिवशील असला. पण घालून बाजारातून चालायची तुझी छाती नाही.”

अंकुशदादाला जाऊन दोन महिने झाले होते. कावीळ झाली आणि नऊ दिवसांत गेला. त्याच्या मशीनवर कुणी बसलं तरी मी भांडत होतो.

कोट शिवताना तीन दिवस मी धड जेवलो नाही. आज आठवडी बाजार. आज घालून चालायचंच, एवढंच डोक्यात होतं.

मास्तरांनी कोट कटिंगच्या टेबलावर उलटा पसरला होता. त्यांचा तळवा अस्तरावरून फिरत गेला... आणि थांबला.

“हा खिसा मी कापलेला आहे,” ते म्हणाले.

अस्तर दादाच्या शर्टाचं होतं. निळ्या चौकड्यांचा, मास्तरांनीच कापून दिलेला, खिशावर खडूचे डाग असलेला. शेवटच्या दिवशी तो हाच घालून कामाला आला होता. आईने तो न धुता ट्रंकेत, तिच्या लुगड्याखाली ठेवला होता. मी न विचारता काढला आणि कात्री चालवली. कापून झाल्यावर कळलं, मी काय केलं ते.

आईने ट्रंक दोनदा उपसली. मला विचारलं. मी म्हणालो, मला काय माहीत.

आणि आई बाजाराच्या दिवशी चौकातच बसते, मेथी-कोथिंबीर घेऊन.

मी मास्तरांना म्हणालो, आज नको, उद्या जातो. ते म्हणाले, उद्या बाजार नसतो. मी म्हणालो, सुलट घालून जातो, हसू दे ज्याला हसायचंय त्याला, मी कुणाला भीत नाही.

“हसणाऱ्यांचं कोण विचारतंय?”

माझं डोकं फिरलं. कोट माझा आहे, मी जाणार नाही, बरा झालाय का वाईट तेवढं सांगा आणि मोकळे व्हा, असं मी त्यांना तोंडावर बोललो. आजवर त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

मास्तरांनी दोऱ्याला गाठ मारली.

“मग अंकुश बरोबर बोलला होता,” ते म्हणाले.

मी कोट उचलला, उलटाच अंगात घातला आणि दुकानाची पायरी उतरलो.

पँटची मोहरी रस्ता झाडत होती. भांडीवाल्या काकांनी विचारलं, लहू, शुद्धीवर आहेस ना, कोट उलटा घातलायस. केळीवाला म्हणाला, सर्कस कधी आली गावात? मी मान खाली घातली नाही. काळीज मात्र मशीनसारखं धडधडत होतं.

आई कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होती. तिला आधी पँट दिसली. हसू यायला लागलं होतं तिला. मग नजर वर आली... आणि हात तसाच राहिला.

ती उठली. जवळ आली. माझ्या छातीवरच्या त्या खिशावर तिने हात ठेवला.

“आई, मी कापला,” मी म्हणालो. “खोटं बोललो तुझ्याशी.”

मला खांद्याला धरून तिने पाठमोरं केलं आणि सगळ्या बाजारासमोर माझ्या पाठीत तोंड खुपसलं. तिचा श्वास मला अस्तरातून लागत होता. एक... दोन... मी मोजत उभा राहिलो.

मग तिचं बोट काठावरच्या शिलाईवरून फिरलं.

“टाका बारीक घातलायस,” ती म्हणाली. आणि जरा थांबून, “दुसरीकडून कसा आहे?”

मी तिथेच, चौकात, कोट काढून सुलट केला आणि घातला. केशरी फुलं उन्हात आली. कुणीतरी शिट्टी मारली. भाजीवाल्या बायका हसत सुटल्या, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने आई हसत होती, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

म्हणाली, आता असाच जा, मधून जा, कडेकडेने जाऊ नको.

मी मधून गेलो. मागे टेम्पोवाला हॉर्न देत होता, मी बाजूला झालो नाही. कॉलर वाऱ्याने कानाला लागत होती. केळीवाल्याने एक केळं माझ्या हातात कोंबलं. पाय जमिनीला लागत होते का नाही, ठाऊक नाही. दादा हरला होता. ते ऐकायला मात्र तो कुठेच नव्हता, आणि तरी मी चालत होतो, छाती काढून, जोरात.

दुकानात शिरलो आणि धापा टाकत मास्तरांना सगळं एका दमात सांगितलं. आईने सुलट करायला लावला, रीत मोडली, ती माझी चूक, ती कबूल. पण आता तरी सांगा, मास्तर, कोट कसा झालाय?

त्यांनी कोटाकडे पाहिलं नाही.

सुई ठेवली. चष्मा काढला. पांढऱ्या शर्टाशिवाय त्या माणसाच्या अंगावर दुसरं काही कुणी पाहिलेलं नाही. गळ्यातली टेप त्यांनी काढली, माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात पसरून माझ्यापुढे उभे राहिले...

“माझं माप घे,” ते म्हणाले. “आतलं कापड मी घरून आणतो. माझ्याही ट्रंकेत एक न धुतलेला शर्ट आहे.”