तानूबाईचा वाटा

डोंगरावरच्या टॉवरवरून कुंदा साऱ्या वाडीला इंटरनेट पुरवायची. संध्याकाळी गर्दी झाली की स्पीड घरटी सारखाच वाटून द्यायचा आणि बंद घराचा वाटा सगळ्यांत मिसळायचा, हा तिचा नेम.

एका संध्याकाळी सरपंच आबासाहेब येऊन गुरकावले, "तानूबाई मेली. तिचा वाटा एकट्या माझ्या घराला जोड."

"जोडते की," कुंदा म्हणाली. "पण वाटा घेतलात, की दिवेलागणीला तिला नेटवरून येणारा फोनही तुम्हीच उचलायचा. तिचा नवरा बोलतो."

नवरा तर तिच्याही आधी पुरात गेलेला. आबासाहेबांनी वहाणा चढवल्या आणि तडक घराची वाट धरली.

थाप पचली म्हणून कुंदा हसत कॉम्प्युटरकडे वळली. पडद्यावर नोंद झळकत होती: वीज तोडलेल्या तानूबाईच्या घरात आत्ताच कुणीतरी फोन उचलला होता.