टिपरे सरांची ए ग्रेड

टिपरे सरांपुढे एम.ए.ची मुलं दरवर्षी हात टेकत. "ए ग्रेड त्यालाच, जो मला काही नवं शिकवेल," हे ऐकून साऱ्यांचे कान किटले होते. ती आजवर कुणालाच मिळाली नव्हती.

हेमांगीने शोधनिबंध पुन्हा लिहून आणला. ए मिळाली नाही, तर तिचा पीएचडीचा प्रवेश जाणार होता. सरांनी निबंध न उघडताच बाजूला सारला.

"इतकी वर्षं या वर्गात येतोय, पण एकाकडूनही काही शिकायला मिळालं नाही!" ते ऐटीत म्हणाले.

भांडायचं त्राण हेमांगीत उरलं नव्हतं. तिने थकल्या आवाजात विचारलं, "सर, इतकी वर्षं वर्गात येऊनही जो काहीच शिकला नाही, त्याला तुम्ही कोणती ग्रेड देता?"

सरांनी चष्मा लावला आणि निबंध जवळ ओढला.