तराफ्याच्या गाठी

डोंगर उतरून तळ्याकाठी आलं की जे पहिलं गाव लागायचं, तिथे एक बाई बांबूच्या वस्तू बनवायची. सुपं, टोपल्या, खुराडी, काय म्हणाल ते. घरी मूलबाळ नव्हतं, म्हणून तिने आपली पडवी गावच्या पोरांना मोकळी करून दिली होती. या, कोयता धरा, दोरी घ्या, मनाला येईल ते बनवा! पोरं तिला मावशी म्हणत आणि पडवीला हातशाळा.

एक दिवस गावचे पाटील आले. त्यांचाही मुलगा तिथेच रमलेला असे. ते म्हणाले, "मावशी, पोरं येऊ द्या खुशाल. पण एकाला जरी इजा झाली, तर या पडवीला टाळं लागलंच म्हणून समजा."

झालं! मावशीच्या मनात भीती घर करून बसली. कोणी कोयता उचलला की ती हातातलं काम टाकून धावत जाई.

त्याच आठवड्यात कुंभाराच्या मुलीने बांबूचा एक बाक बांधला. पोरं घरी गेल्यावर मावशीने त्यावर हात दाबून पाहिला, तर गाठ सरकन ढिली झाली. उद्या यावर कोणी बसलं आणि पडलं तर? तिने ती गाठ सोडली आणि स्वतः घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी चार पोरं त्या बाकावर नाचली. "बघ मावशी, कशी पक्की बांधलीय मी!" कुंभाराची मुलगी म्हणाली.

आता खरं सांगायचं कसं? "शाब्बास," मावशी म्हणाली.

मग ते रोजचंच होऊन बसलं. दिवसा पोरं बांधायची, संध्याकाळी मावशी सोडून पुन्हा बांधायची. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. गावात हातशाळेचं नाव झालं, पाटील येताजाता कौतुक करू लागले. मावशीची भीती मात्र वाढतच चालली. एखादी गाठ नजरेतून सुटली तर, या विचाराने तिला घास गोड लागेना.

पुढे पोरांनी तराफा बांधायला घेतला. अर्ध्या गाठी मारून झाल्या होत्या, बाकीचे बांबू तासून ठेवलेले होते. एका सकाळी मावशी वेळू आणायला बनात गेली आणि इकडे पोरांनी उरलेल्या सगळ्या गाठी मारून टाकल्या. मावशी येईपर्यंत थांबायचं कशाला? आपल्या गाठी तर पक्क्या! कुंभाराची मुलगी, पाटलांचा मुलगा आणि कोष्ट्याची दोन धाकटी तराफ्यावर चढली आणि तराफा पाण्यात लोटला.

मावशी डोक्यावर मोळी घेऊन परत आली तेव्हा तराफा काठापासून बराच आत गेला होता. तिच्या डोक्यावरची मोळी खाली पडली. त्या सकाळच्या गाठींना तिचा हात लागलेला नव्हता.

वारा सुटला होता. एक कडेचा बांबू सुटून लाटांवर निघून गेला. धाकटी दोघं रडू लागली. काठावर गाव जमा झालं. गावची एकुलती होडी पलीकडच्या काठाला गेलेली. दोघेजण पाण्यात उतरले, पण पाणवेलींत पाय अडकून कसेबसे माघारी आले. हाक ऐकू जात होती, तेवढीच काय ती सोय.

पाटील ओरडले, "पोरांनो, भिऊ नका! जागचं हलू नका! तुमच्या गाठी पक्क्या आहेत!"

पोरं ते ऐकून खरंच गप्प बसून राहिली. तेवढ्यात दुसरा बांबू हलू लागला.

मावशी पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिली. बोलावं, तर सगळ्या गावासमोर अब्रू जाणार आणि पडवीला टाळं लागणार. न बोलावं, तर... पुढचा विचारही तिला करवेना. ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "पोरांनो, गाठी कच्च्या आहेत! तुमची एकही गाठ कधी टिकली नाही! रोज संध्याकाळी मी त्या सोडून पुन्हा बांधत होते!"

 पाटील गर्रकन तिच्याकडे वळले.

तराफ्यावरून कुंभाराच्या मुलीचा रडवेला आवाज आला, "मग आता कशी बांधू?"

"वरून वेढे दिलेस ना? आता दोन बांबूंच्या मधून आडवे वेढे घाल! पाय लाव आणि ओढ!"

मुलीने ओढलं. दोरी सटकली. पाटलांच्या मुलाचा एक पाय पाण्यात गेला आणि काठावर बायकांनी डोळे झाकून घेतले.

"सोड ती! पुन्हा घाल!" मावशी ओरडली. "दोघं मिळून ओढा!"

या वेळी गाठ बसली. मग दुसरी. मग तिसरी. धाकट्यांना मधे धरून, हातांनी वल्हवत, पोरं इंच इंच काठाकडे सरकली आणि अखेर लोकांनी त्यांना उचलून घेतलं.

मुलीचे तळवे सोलवटून निघाले होते. ती मावशीसमोर उभी राहिली. "मावशी, तो बाकसुद्धा?"

"तोसुद्धा."

मुलगी हुंदके देत रडली. पाण्यात रडली नव्हती इतकी रडली.

पाटलांनी त्याच दिवशी पडवीला टाळं ठोकलं. नवव्या दिवशी ते काढलं, कारण गावात पोरांना गाठ मारायला शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं आणि तळं तर जागच्या जागीच होतं. आता हातशाळेत प्रत्येक गाठ आधी ओढून बघतात, जमिनीवर, सगळ्यांसमोर. बहुतेक सुटतात. गुडघे फुटतात, पोरं चिडतात, पुन्हा बांधतात.

मावशीची भीती काही गेलेली नाही. संध्याकाळी पोरांनी बांधलेल्या वस्तूंजवळून जाताना तिचे हात शिवशिवतात. ती ते पदरात गुंडाळून घेते आणि घरात निघून जाते.

तात्पर्य एवढंच, की ज्या मुलाने आपली गाठ सुटताना कधी पाहिली नाही, त्याला गाठ मारता येते असं समजू नये; आणि त्याच्या काळजीपोटी ती गुपचूप बांधून देणाऱ्याने आपण त्याला वाचवलं असंही समजू नये.