गाडी हलकी, मान जड

“भार रचणाऱ्याला माल दिसतो, वाट दिसते, दिवस दिसतात. भार वाहणाऱ्याचा खांदा तेवढा त्याला दिसत नाही.”

भगवान शास्ता एवढेच म्हणाले आणि थांबले. कोणाकडे बघून ते बोलले नव्हते, पण सभेतल्या भिक्षू कुंडलाने मान खाली घातली.

झाले होते ते असे. विहारात आलेल्या घोंगड्या डोंगरातल्या गुहांमध्ये राहणाऱ्या भिक्षूंना वाटायच्या होत्या. कुंडलाने वाट आखली आणि कावड भरून दिली. जवळच्या गुहांच्या घोंगड्या पुढच्या टोपलीत, लांबच्या गुहांच्या मागच्या टोपलीत. म्हणजे कुठे शोधाशोध नको. वृद्ध स्थविर सोमिल ती कावड घेऊन निघाले. अर्ध्या वाटेत पुढची टोपली रिकामी झाली, मागची भरलेलीच राहिली, आणि उरलेला सगळा डोंगर ते कलती कावड सावरत चढले. परतले तेव्हा खांदा सुजला होता. तक्रार मात्र त्यांनी केली नाही.

“हे आजच घडले असे नाही,” शास्ता म्हणाले, आणि त्यांनी पूर्वीची गोष्ट सांगितली.

फार पूर्वी सह्याद्रीच्या माथ्यावरील वेणुकट नगरात राजा दृढबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गाडीवानाच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव समधर. मोठा झाल्यावर तो श्रेष्ठी विशाखाच्या पदरी राहिला. कोणत्या गावच्या वाण्याचा माल कोणत्या गाडीत भरायचा, कोणते गाव आधी घ्यायचे, कोणते मागून, हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे होते. अंगणात खडे मांडून तो वाटा आखी. गाड्या परत आल्या की इतर लोक मालाची चौकशी करीत. समधर प्रत्येक बैलाच्या मानेवर तळवा ठेवून बघे.

एकदा राजाने दवंडी पिटवली. घाटावरच्या दोन आणि घाटाखालच्या तीन गावांच्या वाण्यांना जो व्यापारी पौर्णिमेच्या आत सगळा माल पोचवील, त्यालाच पुढची बारा वर्षे त्या वाटेवर माल नेण्याचा अधिकार मिळेल. नगरातला दुसरा एक व्यापारी लगेच दहा गाड्या भरू लागला. विशाखानेही बारा गाड्या भरवल्या, आणि घाई म्हणून या वेळी स्वतः उभे राहून भरवल्या. जे गाव आधी, त्याचा माल मागे. जे गाव शेवटी, त्याचा पुढे. गाव आले की मागून गोण्या ओढायच्या आणि पुढे निघायचे.

समधर आला, त्याने एका गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, “श्रेष्ठी, या गाड्या अशा जाऊ नयेत.”

“का? काय सांडतंय त्यातून?”

“सांडत काही नाही. पण पहिली दोन गावं झाली की मागचा भाग रिकामा होईल. उरलेला माल सगळा पुढे. पुढे म्हणजे बैलांच्या मानेवर. आणि तिथूनच घाटाची उतरण लागते.”

“अरे, दोन गावांचा माल उतरल्यावर गाडी हलकी होईल की जड?” विशाख हसला. “एवढा हिशेब माझ्या घरातल्या मांजरालाही येतो.”

भोवतीचे गाडीवान हसले. समधर हसला नाही. गाडीला बैल अजून जुंपले नव्हते. जू लाकडी टेकूवर टेकलेले होते. तो म्हणाला, “मग आपण क्षणभर इथे उभे राहा. जू खांद्यावर घ्या. मी टेकू काढतो.”

विशाख तापट होता, पण गाडीवानांदेखत मागे हटणाऱ्यांतला नव्हता. त्याने शेला कमरेला गुंडाळला आणि जुवाखाली खांदा दिला.

“मालक, शिंगं तेवढी कमी आहेत,” म्हातारा गाडीवान गोमल म्हणाला.

“तुझी जीभ तेवढी जास्त आहे,” विशाख म्हणाला. “काढ रे टेकू.” समधराने टेकू काढला. “हे काय! फुलासारखं आहे.”

समधराने मागून पहिल्या गावाच्या गोण्या उतरवल्या. विशाखाने खांदा बदलला. दुसऱ्या गावाच्या गोण्या निघू लागल्या तसे त्याचे गुडघे वाकले, मानेच्या शिरा फुगल्या.

“अरे, माल काढताय की घालताय?”

“काढतोय, मालक. गाडी निम्मी हलकी झाली,” गोमल म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

समधराने टेकू पुन्हा लावला. “आणि ही सपाट जमीन आहे, श्रेष्ठी.”

विशाख जुवाखालून बाहेर आला आणि गाडीच्या चाकाला धरून उभा राहिला. मग त्याने विचारले, “उपाय सांग.”

“गावं पुढे-मागे लावू नका, वर-खाली लावा. शेवटच्या गावाचा माल तळाला, गाडीभर सारखा पसरून. त्यावर त्याच्या आधीच्या गावाचा. प्रत्येक गावाला एक थर निघेल, तोल तसाच राहील. तेलाची मडकी तळाला चालणार नाहीत, म्हणून तेलाचं गाव आधी घ्यावं लागेल. त्यासाठी वाट दोन कोस वाढते. आणि पुन्हा भरायला आजचा दिवस जाईल.”

“तो दुसरा आज निघतोय.”

“हो.”

विशाखाने खांदा चोळला. “उतरवा सगळं,” तो म्हणाला. “आणि मी बरोबर येतो.”

दुसऱ्या दिवशी गाड्या निघाल्या. आधी तेलाचे गाव झाले, मग दुसरे. प्रत्येक ठिकाणी एक थर उतरला आणि बैल डोके वर करून चालत राहिले. घाटाच्या दुसऱ्या वळणावर मात्र समधराने हात वर केला. त्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या दहाही गाड्या तिथे कडेला थांबलेल्या होत्या, मागून रिकाम्या आणि पुढून भरलेल्या. पुढच्या गाडीचा ठिपकेदार कवडा बैल जुवाखालीच बसला होता. त्याची मान सोलून निघाली होती आणि गाडीवान त्याचे तोंड मांडीवर घेऊन पाणी पाजीत होता.

“बाजूने वाट आहे,” गोमल हळूच म्हणाला. “परवा पौर्णिमा. निघालो तर जिंकलो.”

समधर विशाखाकडे गेला. “यांच्या गाड्या पुन्हा भरून द्यायला हव्यात. आणि त्या बैलाच्या जागी आपला एक द्यावा लागेल. मग आपली एक गाडी इथेच राहील, तिचा माल दुसऱ्या खेपेला. पौर्णिमा चुकेल.”

“बारा वर्षं, समधरा!”

“ठाऊक आहे. पण हे बैल कोणाचे, हे बैलांना ठाऊक नाही.”

विशाख मोकळ्या वाटेकडे बघत राहिला. त्याचा हात नकळत आपल्या खांद्यावर गेला. मग तो खाली उतरला आणि परक्या गाडीतली पहिली गोणी त्याने स्वतः उचलली.

“आमच्या मालाला हात लावू नका!” तिथला एक गाडीवान ओरडला.

“गप बस,” विशाख म्हणाला, “आणि दुसरं टोक धर.”

त्या दहा गाड्या सुखरूप घाट उतरल्या आणि पौर्णिमेला शेवटच्या गावी पोचल्या. अधिकार त्या व्यापाऱ्याला मिळाला. विशाखाची मागे राहिलेली गाडी तीन दिवसांनी आली.

परतीच्या वाटेवर समधर म्हणाला, “श्रेष्ठी, माझ्यामुळे आपलं मोठं नुकसान झालं.”

“तुझ्यामुळे नाही,” विशाख म्हणाला. “तू टेकू काढलास एवढंच. पुढचं मला दिसलं.” आणि थोडे चालल्यावर, “त्या कवड्याची मान भरून येईल ना रे?”

“येईल.”

एवढे सांगून शास्त्यांनी जन्मांची सांगड घातली. “त्या वेळचा श्रेष्ठी विशाख हा आजचा कुंडल. गोमल गाडीवान हा आज तुमच्यात बसलेला भिक्षू रेणुक. तो कवडा बैल म्हणजे स्थविर सोमिल, आणि समधर तो मीच.” दुसऱ्या व्यापाऱ्याचे नाव त्यांनी घेतले नाही. “जो दुसऱ्याचा भार क्षणभर आपल्या खांद्यावर घेऊन पाहतो आणि मग आपला-परका असा भेद करीत नाही, त्याने मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परमसिद्धी, पूर्ण केली असे जाणा.”

कुंडल उठला आणि सोमिलांच्या खांद्याला तेल लावायला बसला. तेवढ्यात मागे खांबाला टेकून बसलेला, गहू घेऊन आलेला एक गाडीवान गडबडीने उभा राहिला.

“भदंत, क्षमा करा,” तो म्हणाला, “माझे बैल बाहेर सकाळपासून जुंपलेलेच आहेत.”