कपाळापासून सुरू होणारा पाढा

एकदा एक भांड्यांचे व्यापारी उतारवयात स्पॅनिश शिकू लागले. पेठेत हशा पिकला, पण कारण साधे होते. शेठजींचा मुलगा स्पेनमध्ये स्थायिक झालेला, सून तिकडची, आणि छोटी नात ईरावती प्रथमच घरी येणार होती. तिला मराठीचा गंध नव्हता. फोनवर आजोबा दिसले की ती आईमागे लपे, आणि शेठजींच्या जिवाला ते फार लागे. ती मांडीवर येऊन बसावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

गावातल्या एका वृद्ध गुरुजींचे आयुष्य स्पॅनिश शिकवण्यात गेले होते. लहान मुलांशी ओळख होते ती 'नाक कुठंय, कान कुठंय' या खेळाने, तेव्हा चेहऱ्यापासूनच आरंभ करू, असे त्यांनी सुचवले. पण शेठजी पडले पाढे घोकलेल्या पिढीचे. डोळे मिटून, डुलत डुलत त्यांनी कपाळापासून कानापर्यंत ओळीने पाठ केले: फ्रेन्ते, ओहो, नारीस, बोका, बार्बिया, ओरेहा. अडचण एवढीच, की गुरुजींनी कान विचारला तरी स्वारी कपाळापासूनच निघे. कान येईपर्यंत गुरुजींचा चहा पिऊन होई.

नात येण्याच्या आदल्या दिवशी गुरुजींनी स्वतःचा कान धरला आणि गंभीरपणे म्हणाले, "नारीस."

शेठजींनी खाडकन डोळे उघडले. वयामुळे गुरुजींना विस्मरण होऊ लागले की काय, या काळजीने ते पुढे सरकले आणि सरळ त्यांचे नाक चिमटीत धरले. "अहो, नारीस हे. कान म्हणजे ओरेहा."

गुरुजी हसले. "आज पाढा कुठे गेला, शेठजी? इतके दिवस तुम्ही सगळे बरोबर म्हणालात, पण माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिले नाहीत. मी चुकलो, तेव्हा जवळ आलात. उद्या ही संधी नातीला द्या."

शेठजींना हे मुळीच पटले नाही. लेकराला चुकीचे कसे सांगायचे? पण दुसऱ्या दिवशी पोर आईच्या पायांमागे दडली, पाढा घशातच अडकला, तेव्हा निरुपायाने त्यांनी आपला कान धरला आणि म्हटले, "नारीस."

ईरावतीने डोकावून पाहिले. एवढा मोठा माणूस, आणि एवढेही कळू नये! तिने मान हलवली. शेठजींनी हट्टाने पुन्हा तेच म्हटले. मग मात्र तिला राहवेना. ती तरातरा आली, मांडीवर चढली आणि खरे नाक कोणते हे दाखवायला तिने आजोबांच्या नाकपुडीत बोट घातले.

मुलगा ओशाळून तिला उचलायला धावला. डोळे भरून आलेल्या शेठजींनी त्याला हातानेच थांबवले.

"राहू दे," ते गेंगाण्या आवाजात म्हणाले, "अजून कपाळ, डोळे, हनुवटी, सगळे चुकायचे बाकी आहे."